बायोडेटातली फराळाची ओळ

शनिवारी सकाळी चकलीचं तेल तापायला ठेवलं ते गॅलरीत, कारण स्वयंपाकघरात ठेवलं की छतावरचा धुराचा भोंगा बोंब ठोकायचा. डीमन या डच गावातल्या त्या चौथ्या मजल्यावर बोडसांच्या तीन पिढ्या त्या भोंग्याला वचकून होत्या. इंडक्शनची शेगडी गॅलरीत, तिची वायर बैठकीतून, वायरीला कोणी अडखळू नये म्हणून तिच्यावर पायपुसणं, आणि त्या पायपुसण्याला हमखास अडखळणारा अंबरीश.

“अरे, बघून चाल!” वासुदेवराव ओरडले.

“बाबा, मी बघूनच चालतोय. पायपुसणंच बघत नाही,” अंबरीश म्हणाला. हातातली पोह्यांची परात त्याने कशीबशी सावरली, पण मूठभर पोहे सोफ्यावर बसलेल्या शिवांगीच्या केसांत गेलेच. “सिरियसली, पप्पा?” एवढं म्हणून ती पुन्हा फोनमध्ये शिरली.

अंबरीशची बायको ऋजुता खिडकीशी उभी होती. ती काहीच करत नव्हती, कारण तिला काही करू द्यायचं नाही असा हुकूम होता. फ्रिजवर वासुदेवरावांनी डकवलेल्या वेळापत्रकात सगळ्यांच्या नावापुढे कामं होती. लीलावतीबाई: चकली, करंजी. अंबरीश: चिवडा, भांडी. शर्मिला: लाडू. आणि सगळ्यात वर, लाल शाईने: प्रकल्पप्रमुख, सौ. ऋजुता. फक्त देखरेख. दमायचं नाही.

सोमवारी ब्रेडा शहरात तिचा इंटरव्ह्यू होता. दीड वर्षानंतरचा पहिला. मालवाहतुकीच्या एका कंपनीत ट्रकांच्या फेऱ्यांचं नियोजन करायचं काम, आठवड्यातून चार दिवस. आधीच्या नोकरीहून लहान, आणि म्हणूनच तिला ते मनापासून हवं होतं. ही नोकरी मिळाली नाही तर आपण पुन्हा कुठे अर्ज टाकू की नाही, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. आणि सोमवारी तिकडे जाऊन काय बोलायचं हे सोडून घरात बाकी सगळ्यावर चर्चा चालू होती.

झालं होतं ते असं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ऋजुता ऑफिसला जायला ट्राममध्ये बसली, ती तिच्या स्टॉपवर उतरलीच नाही. उठायचं म्हणजे पायांना नेमकं काय सांगायचं असतं, हेच तिला आठवेना. ट्राम शेवटपर्यंत गेली, तिथून परत फिरली, आणि ड्रायव्हरने येऊन विचारलं तेव्हा ही खिडकीला डोकं टेकून रडत होती. मग डॉक्टर, मग कंपनीच्या डॉक्टरीणबाई, मग घर. आधी नुसती झोप, मग कालव्याच्या कडेने चालणं, मग हळूहळू माणसांत. तोवर जुन्या कंपनीत माणसं कमी करण्याची लाट आली आणि तिची जागाच उरली नाही. आता ती बरी होती. म्हणजे खरंच बरी होती, पण घरात तिच्याशी सगळे नुकतं प्लास्टर काढलेल्या हाताशी वागावं तसं वागत.

आणि त्या दुखण्याचं नाव मात्र घरात कोणी घेत नसे. लीलावतीबाई म्हणत, “तिचं ते.” वासुदेवराव म्हणत, “मधला काळ.” अंबरीश काहीच म्हणत नसे, नुसता हाताने हवेत एक गोल काढी. एक शिवांगी तेवढी तो शब्द सर्दी-पडसं म्हणावं तितक्या सहज म्हणायची, आणि ती म्हणाली की सगळे छताकडे बघत, जणू आता तो भोंगा वाजणार.

फराळाचं खूळ निघालं ते तीन आठवड्यांपूर्वी, याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर. वासुदेवराव नि लीलावतीबाई मिरजेहून नुकतेच आलेले होते, ब्रेडाहून नणंद शर्मिलाताई भेटायला आली होती, आणि जेवणं झाल्यावर वासुदेवराव म्हणाले, “बायोडेटा आण बघू.”

वासुदेवरावांनी सगळी हयात साखर कारखान्याच्या आस्थापना विभागात काढली. म्हणजे नेमणुका, बदल्या आणि रजा. नेमणुकांत त्यांचा हात सढळ होता म्हणतात, पण रजेच्या बाबतीत ते महाखट. त्यांच्याकडे आजारपणाचा अर्ज गेला की माणूस आपोआप बरा होतो, अशी कारखान्यात ख्याती होती. दामोदर कारकुनाला कावीळ झाली तेव्हा यांनी त्याचे डोळे बघून यायला घरी शिपाई धाडला होता. अशा माणसाच्या सुनेने दीड वर्ष आजारपणाची रजा घेतली, आणि ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ऋजुताला त्या न बोलण्याचंच ओझं जास्त होतं.

“हे काय?” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “इथून इथपर्यंत कोरं?”

“बाबा, तेव्हा मी आजारी होते.”

“ते आपल्याला माहिती आहे. पण हा कागद वाचणाऱ्याला काय वाटेल? बाई तुरुंगात होत्या की काय?”

“अहो, काहीतरीच काय!” लीलावतीबाई म्हणाल्या. “पाठ लिहा. पाठीचं दुखणं. मी मिरजेत सगळ्यांना पाठच सांगितली आहे. शेजारच्या वसुधाने तर तिच्यासाठी तेलही दिलंय, बॅगेत आहे.”

“सबॅटिकल लिहू या, स्वखुशीची लांब रजा,” अंबरीश म्हणाला. “इथे सगळे घेतात. मस्त वाटतं ऐकायला.”

“ते प्राध्यापक घेतात. आपल्यात कोणी प्राध्यापक नाही,” वासुदेवरावांनी निकाल दिला.

शर्मिलाताई स्वतः ब्रेडाला एका कंपनीत एच.आर.मध्ये. तिने घसा साफ केला. “बाबा, इथे उमेदवाराला आजारपणाबद्दल विचारायला कायद्यानेच मनाई आहे. त्यांनी विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. संपला विषय.”

“विचारायचंच नाही?” वासुदेवरावांनी चष्मा काढला. “मग इंटरव्ह्यूत विचारतात तरी काय?”

“तुम्ही वीकएंडला काय करता, ते.”

कोणाच्या तरी देवघरातलं निरांजन विझल्यासारखा वासुदेवरावांचा चेहरा झाला.

“व्हाय डोन्ट यू जस्ट से बर्नआउट?” सोफ्यावरून शिवांगी म्हणाली. “माझ्या मॅथ्सच्या टीचरला पण होता. ट्वाइस.”

सगळ्यांनी छताकडे बघितलं.

“शिवांगी, आत जा.”

“व्हॉट? इट्स नॉर्मल!”

“मला वाटतं,” ऋजुता म्हणाली, “मी दोन वाक्यांत खरं सांगून टाकावं. आजारी होते, आता बरी आहे. लपवत बसले तर तिथे सगळा वेळ माझं लक्ष लपवण्यातच जाईल.”

तिचं बोलणं कोणाच्या कानांपर्यंत गेलं नाही, कारण त्याच वेळी शर्मिलाताई सहज म्हणून गेली की इथे समाजकार्याला भारी मान असतो, मधल्या दीड वर्षात काही फुकट सेवा केली असली तर तेवढं लिहावं. वासुदेवराव ताठ झाले. विझलेलं निरांजन पुन्हा पेटलं.

“समाजकार्य! लिही. मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाचं संपूर्ण नियोजन.”

“पण बाबा, मी ते केलेलं नाही.”

“केलेलं नाही ना? मग करायचं. दिवाळी अजून यायची आहे. बोडसांच्या बायोडेटात खोटी ओळ आजवर गेलेली नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत जाणार नाही.”

आणि त्यांनी तिथल्या तिथे मंडळाच्या सेक्रेटरीला, बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या विवेकला, फोन लावून आख्ख्या कार्यक्रमाचा फराळ बोडसांकडे घेतला. विवेकचा आनंद फोनबाहेर ऐकू येत होता. वर्षानुवर्षं तो असं कोणीतरी भेटायची वाट बघत होता.

तेव्हा आता ही शनिवारची सकाळ, आणि मंडळाचा कार्यक्रम उद्यावर.

दाराची बेल वाजली. वासुदेवरावांनी दार उघडलं तर खालच्या मजल्यावरची आन्नेके, सत्तरीची, टापटीप, हातात सायकलचं हेल्मेट. तिने अत्यंत सौम्यपणे विचारलं, तुमच्याकडे काही जळतंय का? “नो, नो, चिवडा,” वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातावर चिवडा ठेवला. तो खात खात ती जिना उतरली, पण तिच्या चेहऱ्यावरून चिवडा म्हणजे उत्तर आहे की पुरावा, हे तिला कळलेलं दिसत नव्हतं.

तिच्या मागोमाग शर्मिलाताई आली, रेल्वे उशिरा आल्याबद्दल सगळ्यांवर चिडलेली. तिने आल्या आल्या अंबरीशने भाजलेल्या बेसनात नाक घातलं.

“हे कच्चं आहे.”

“कच्चं नाही. मी तासभर ढवळतोय,” अंबरीश म्हणाला.

“तू ढवळत असशील. बेसन भाजलं गेलेलं नाही. लहानपणापासून तुझं असंच. अर्धं करायचं आणि आईने कौतुक करायचं.”

“आणि तुझं? चुका काढायच्या आणि बाबांनी कौतुक करायचं!”

“मला यात ओढू नका,” वासुदेवराव म्हणाले. “शर्मिलाचं बरोबर आहे. कच्चं आहे.”

“बघितलंस?” अंबरीशने ऋजुताकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. हसण्यासारखं काही झालं नव्हतं, तरी त्याचं हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तो हसतच होता, आणि हातातला चमचा बेसनाऐवजी हवेतच फिरत होता.

ऋजुताने ते पाहिलं, आणि तिच्या मनात काहीतरी खटकलं.

हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. ट्राममध्ये बसली त्याच्या आदल्या आठवड्यात ती स्वतः एका मीटिंगमध्ये असंच हसली होती. तिने पहिल्यांदाच घरातल्या सगळ्यांकडे नीट बघितलं. शर्मिलाताई ताटल्या आपटत होती. वासुदेवराव तिसऱ्यांदा तेच वेळापत्रक खोडून पुन्हा लिहीत होते. आणि लीलावतीबाई? ज्या सासूबाई कणीक मळतानासुद्धा गुणगुणायच्या, त्यांचा आवाज बुधवारपासून ऐकू आला नव्हता. काल त्यांनी चहात मीठ घातलं होतं आणि ‘चुकलं’ म्हणायच्या ऐवजी तसाच पिऊन टाकला होता.

फोन वाजला. विवेक. वासुदेवरावांनी स्पीकर चालू केला.

“काका, एक छोटीशी विनंती. काही लोकांना गहू चालत नाही, तर करंज्या त्यांच्यासाठी वेगळ्या होतील का? आणि मुलांसाठी थोडं कमी तिखट. आणि हो, यंदा युट्रेख्तहून पण मंडळी येतायत, तर सगळंच जरा जास्त.”

“होईल, होईल! काळजी नको,” वासुदेवराव म्हणाले आणि वेळापत्रकात आणखी एक रकाना आखायला बसले.

त्याच वेळी गॅलरीतून लीलावतीबाईंचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण सगळे ऐकून थबकले.

“अगं ऋजुता, जरा इकडे ये गं.”

ऋजुता गॅलरीत गेली. वारा असा की शाल उडावी. कढईतल्या तेलात चकल्या नव्हत्या. म्हणजे थोड्या वेळापूर्वी घातल्या होत्या, पण गार वाऱ्याने तेल कधीच निवलं होतं, आणि चकल्यांचा पार भुगा होऊन तो तळाशी बसला होता. सगळी मिरज ज्यांच्या भाजणीचं माप विचारायला यायची, त्या लीलावतीबाई पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या. मांडीवर सोऱ्या, त्याचे दोन भाग दोन हातांत.

“हा कसा लावायचा गं?” त्यांनी विचारलं. “मघापासून बघतेय. हे यात जातं की ते त्यात? मला आठवतच नाहीये.” आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “मला काय झालंय? इतक्या वर्षांत माझी चकली कधी बिघडली नाही. झोपले तरी डोळ्यांपुढे करंज्याच दिसतात. मी वेडी तर नाही ना झाले?”

ऋजुता त्यांच्यासमोर खाली बसली. तिने हात पुढे केला.

“आई, सोऱ्या माझ्याकडे द्या. तो कसा लावायचा ते आज तुम्हाला आठवायची गरज नाही. मलाही तेव्हा उठायचं कसं ते आठवत नव्हतं.”

लीलावतीबाईंनी तिच्याकडे बघितलं. “म्हणजे हे ते? तुझं ते?”

“त्याच्या वाटेवर आहात. अजून पोचला नाहीत. इथूनच परत फिरायचं.”

मागे दारात सगळे जमले होते. वासुदेवरावांच्या हातात पट्टी नि लाल पेन. “पाच मिनिटं पाणी पी, पडून घे आणि मग लाग कामाला,” ते बायकोला म्हणाले. आवाजात काळजी होती, पण सवय जुनी होती. “तेल पुन्हा तापवू. शब्द दिलाय आपण मंडळाला.”

“आपण नाही बाबा. तुम्ही दिलात. माझ्या नावाने,” ऋजुता म्हणाली.

या घरात वासुदेवरावांना असं तोंडावर कोणी बोललेलं नव्हतं. शर्मिलाताईने ओठ चावला. अंबरीशने हवेत एक गोल काढायला हात उचलला आणि तसाच खाली आणला.

“वेळापत्रकात प्रकल्पप्रमुख म्हणून कोणाचं नाव आहे?” ऋजुताने विचारलं.

वासुदेवराव चाचरले. “तुझं.”

“लाल शाईने?”

“लाल शाईने.”

“मग प्रकल्पप्रमुख म्हणून सांगते. शेगडी बंद. चकली रद्द, करंजी रद्द. चिवडा झालाय तेवढा न्यायचा. बेसन ताई भाजतील, अंबरीश लाडू वळेल, आणि तोवर दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत. आई आत्ता कालव्यावर फिरायला जातील. फोन घरी ठेवून.”

कारखान्यात वासुदेवरावांनी वरिष्ठांचा आदेश कधी मोडला नव्हता. त्यांनी खाली वाकून शेगडीचं बटण बंद केलं.

“पण विवेकला काय सांगणार?” शर्मिलाताई पुटपुटली. “मंडळाला नाही कसं म्हणायचं? मी तरी आजपर्यंत म्हणू शकले नाही.”

ऋजुताने फोन उचलला. जुन्या ऑफिसात सगळं बिघडलं ते याच एका ‘नाही’ शब्दापाशी. प्रत्येकाला हो, हो, करता येईल, बघते, सोमवारपर्यंत देते. कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही नाही म्हणायचा सराव करा, आधी छोट्या गोष्टींना. मराठी मंडळ ही छोटी गोष्ट आहे असं मात्र डॉक्टरीणबाईंना कोणी मराठी माणूस भेटलेला नसल्यामुळेच वाटलं असणार.

“विवेक, ऋजुता बोलतेय. फराळाचं सांगायचं होतं. चिवडा आणि बेसनाचे लाडू मिळतील. चकली, करंजी होणार नाही.”

“अरे! का? काही प्रॉब्लेम?”

सगळे श्वास रोखून उभे. अंबरीश ओठांनी ‘पाठ, पाठ’ असं सुचवत होता.

“नाही. जास्त होतंय, म्हणून थांबवतेय.”

विवेक म्हणाला, “बरं. मग बाकीचं सगळ्यांना घरून एकेक पदार्थ आणायला सांगतो. खरं तर बऱ्याच जणी विचारतच होत्या, पण काकांना वाईट वाटेल म्हणून मी काही बोललो नाही.”

बस. एवढंच. फोन बंद झाल्यावर बोडस मंडळी एकमेकांची तोंडं बघत राहिली.

“एवढंच?” शर्मिलाताई म्हणाली. “नाही म्हटलं की एवढंच होतं?”

“सी?” शिवांगी केसांतला एक पोहा काढून खात म्हणाली.

लीलावतीबाईंना कोट, टोपी, मफलर चढवून खाली पाठवलं. वासुदेवराव खिडकीला नाक लावून उभे राहिले. “ती रस्ता चुकेल. ती कधी एकटी फिरलेली नाही. सायकलवाले अंगावर घालतील.” आत लाडू वळले गेले. शर्मिलाताई आणि अंबरीश खरंच बोलले नाहीत, आणि न बोलल्यामुळे लाडू चांगले झाले. थोड्या वेळाने शर्मिलाताईने एक लाडू भावाच्या तोंडात कोंबला. त्यांचं भांडण नेहमी असंच मिटायचं.

पण ऊन कलायला लागलं तरी लीलावतीबाईंचा पत्ता नव्हता. वासुदेवराव चपला घालून निघालेच होते, तेवढ्यात दार उघडलं. लीलावतीबाईंचं नाक लाल झालेलं, गाल तकतकीत, आणि चक्क गुणगुणणं चालू होतं.

“अगं, होतीस कुठे?”

“बाकावर. ती खालची आन्नेके भेटली. तिने विचारलं, हाऊ आर यू?” लीलावतीबाईंनी मफलर सोडला. “मी म्हटलं, आय हॅव बर्नआउट. फ्रॉम वेन्सडे.”

सगळ्यांनी आपोआप छताकडे बघितलं. भोंगा वाजला नाही.

“आई!” अंबरीश ओरडला. “तू चक्क असं सांगितलंस? अनोळखी बाईला?”

“अनोळखी कसली? आपला चिवडा खाल्लाय तिने. आणि ती काय म्हणाली माहितीये? ओह, मी टू, नवरा गेला तेव्हा. आणि तिने मला पेपरमिंट दिलं. मग आम्ही बदकं बघत बसलो. काही बोललो नाही, पण फार बरं वाटलं.” त्या खुर्चीत बसल्या आणि पाय लांब केले. “आता कोणीतरी मला चहा करून द्या. मीठ न घालता.”

चहा शर्मिलाताईने केला. सगळे टेबलाभोवती बसले आणि वासुदेवरावांनी बायोडेटाचा कागद पुढ्यात ओढला. आता त्यांनी चष्मा चढवला, पाठ ताठ केली, आणि ऋजुताला समोरची खुर्ची दाखवली.

“बसा, बोडस मॅडम.”

“बाबा, आत्ता? ती दमलीये,” अंबरीश म्हणाला.

“मी नाही दमले,” ऋजुता म्हणाली आणि समोर बसली.

“मधल्या काळात आपण काय केलंत?”

“मी आजारी होते. बर्नआउट. आता बरी आहे आणि मला हे काम करायचं आहे.”

“बंदी असताना स्वतःहून का सांगता?”

“बंदी त्यांना विचारायला आहे. मला सांगायला नाही. न सांगताही चालतं, ताई म्हणतात ते बरोबरच आहे. पण मला लपवून दमायचं नाही.”

वासुदेवरावांनी मान हलवली. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत, उमेदवाराला विचारावं तसा नाही, तर गेलं दीड वर्ष गिळून ठेवलेला प्रश्न त्यांनी हळूच विचारला.

“आणि पुन्हा झालं तर?”

लीलावतीबाईंचा कप हवेतच राहिला. अंबरीशने मान खाली घातली. याच प्रश्नाला सगळे भीत होते. चकल्या, करंज्या, लाल शाई, सगळं त्याच्यावर घातलेलं पायपुसणं होतं. ऋजुताला वाटलं होतं, हा प्रश्न आला की आपण कोसळू. पण तो आला, टेबलावर चहाच्या कपांमध्ये येऊन बसला, आणि नेहमीच्या पाहुण्यासारखा दिसला.

“होऊ शकतं, बाबा. ‘होणार नाही’ असं मी शपथेवर नाही म्हणणार. पण आता मला ते लांबून येताना दिसतं. आज आईंचं मला त्यांच्याआधी दिसलं. आणि दिसलं की काय करायचं, तेही येतं.”

वासुदेवरावांनी लाल पेनचं टोपण काढलं. बायोडेटावर ती फराळाची ओळ होती. त्यांनी ती खोडली नाही. तिच्यापुढे आपल्या कोरीव अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘आणि जास्त होतंय हे दिसताच ते वेळेवर थांबवलं.’

“हे इंग्रजीत नीट लिहून दे,” त्यांनी कागद शर्मिलाताईकडे सरकवला. “ही ओळ आता पूर्ण खरी आहे. कारखान्यात असं थांबवणारा एक जरी माणूस असता ना, तर...” पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळून टाकलं.

“अहो,” लीलावतीबाई म्हणाल्या, “आता टेबल मांडलंच आहे तर माझाही अर्ज घ्या. मला उद्या रजा हवी.”

“कसली?”

“आजारपणाची.”

“कारण?” जुन्या सवयीने वासुदेवरावांच्या तोंडून निघून गेलं.

“बर्नआउट,” लीलावतीबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच मिळालेली साडी नेसून दाखवावी तशा झोकात म्हणाल्या.

वासुदेवरावांच्या ओठांवर ‘सर्टिफिकेट’ हा शब्द आलेला ऋजुताला स्पष्ट दिसला. दामोदर कारकुनाच्या डोळ्यांइतका जुना शब्द. तो तिथे थोडा वेळ थांबला. मग सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, दीड वर्षात पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं, आणि तो शब्द परत गेला.

“मंजूर,” ते म्हणाले. आणि थोडं थांबून, तिच्याकडेच बघत, “तुझीही. मागची. तेव्हाच करायला हवी होती.”

ऋजुताने नुसती मान हलवली, आणि डोळे पुसायला जवळ काही नव्हतं म्हणून सासूबाईंचा मफलर घेतला.

“रजा भरपगारी ना?” लीलावतीबाईंनी विचारलं.

“तुला पगार कोण देतं?”

“तेच म्हणते मी.”

वासुदेवराव उठले. त्यांनी टेबलावरचे सगळे उष्टे कप गोळा केले, वर तो सोऱ्या ठेवला, आणि पायपुसण्याला वळसा घालून सांभाळून सिंकपाशी गेले. नळ उघडून बराच वेळ ते नुसते उभे होते.

“शिवांगी,” त्यांनी शेवटी हाक मारली, “भांड्यांचा साबण कुठला गं यातला?”